एकशे साठ अक्षरांची आग

पुष्पलताबाई हटवारांनी मंगळवारी सकाळी अंगणाकडचं दार लावून घेतलं, नाकाला पदर बांधला आणि भिवापुरी मिरचीचा पहिला घाणा कढईत टाकला. जरीपटका वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत त्यांच्या काळ्या मसाल्याला नाव होतं, आणि या वेळची ऑर्डर आजवरची सगळ्यात मोठी होती. शुक्रवारी एका लग्नाच्या स्वयंपाकासाठी पंचवीस किलो मसाला द्यायचा होता. आचारी कडक माणूस. मसाला पसंत पडला तर पुढच्या सगळ्या लग्नांचं काम तुमच्याकडे, नाहीतर पुन्हा माझ्या दारात येऊ नका, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं.

दुसरा घाणा जरा जास्तच लागला. खिडकीतून काळा जाड धूर निघाला आणि सरळ समोरच्या कापडाच्या दुकानात शिरला. दुकानाचे मालक ओमप्रकाशशेठ एका बाईला साडी उलगडून दाखवत होते. आधी ती बाई शिंकली, मग ओमप्रकाशशेठ शिंकले, मग नोकर शिंकला. शेठजी बाहेर आले, त्यांनी धूर पाहिला आणि अग्निशमन केंद्राला फोन लावला.

"हॅलो! हटवार भाभीच्या घरातून धुआँच धुआँ येऊन राहिला! जल्दी गाडी भेजो!"

सात मिनिटांत बंब गल्लीत उभा राहिला. पुढच्या सीटवरून लीडिंग फायरमन नागसेन गजभिये उतरले. दार ठोठावलं तेव्हा पुष्पलताबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

"बाई, आग कुठं आहे?"

"गॅसवर हाय न. कढईखाली. काहून?"

नागसेनजींनी तरीही नियमाप्रमाणे घर तपासलं. स्वयंपाकघर, मागची खोली, न्हाणी, सगळीकडे खोकत खोकत फिरले. पुष्पलताबाईंचे यजमान गोपाळराव यांनी त्यांना दोन ग्लास पाणी पाजलं, ओमप्रकाशशेठनी दारातूनच माफी मागितली आणि बंब परत गेला. इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते अहवाल लिहिताना.

नागसेन गजभिये एकतीस वर्षं नोकरीत होते आणि त्यांच्या अहवालांची ख्याती होती. आग विझवणारे पुष्कळ असतात, पण विझवलेली आग कागदावर उतरवावी ती गजभियेंनीच, असं जुने अधिकारी म्हणत. त्यांचं एक वाक्य रजिस्टरच्या पानाच्या डोक्यावर सुरू होई आणि तळाशी येऊन थांबे. मध्ये ते कुठं अडखळलं, असं कधी झालं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी मात्र केंद्रात रजिस्टरच्या जागी टॅबलेट आला होता. आता प्रत्येक घटनेचा अहवाल त्याच्यावर लिहायचा. 'पाठवा' हे बटण दाबलं की तो वरच्या कार्यालयात, वीज कंपनीत, गॅसच्या एजन्सीत आणि वॉर्डाच्या कार्यालयात आपोआप जाई. शिवाय 'आजच्या घटना' नावाच्या पानावर तो कुणालाही वाचता येई. एकदा पाठवलेला अहवाल पुसता येत नसे. फार तर त्याला खुलासा जोडता येई.

तपशिलाच्या चौकटीत एकशे साठ अक्षरं मावत, तीही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजून. त्यापुढचं लिहिलेलं ती मुकाट्यानं गिळून टाकी. ही गोष्ट नागसेनजींना ठाऊक नव्हती. ते एका बोटानं टाइप करत आणि त्यांची नजर सबंध वेळ त्या बोटावर असे. पडद्यावर काय उमटलं हे पाहायची सवय त्यांना नव्हती. कागदावर लिहिलेलं कधी कुठं गेलं आहे का?

त्या दुपारी त्यांनी मन लावून लिहिलं: "सदर वर्दीवरून घटनास्थळी गाडीसह तात्काळ रवाना झालो असता श्रीमती पुष्पलता गोपाळराव हटवार यांचे राहते घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडून स्वयंपाकघर पूर्णतः जळून खाक झाले असावे, अशी शेजाऱ्यांची झालेली समजूत ही केवळ मिरची भाजल्याच्या धुरामुळे झाल्याचे निष्पन्न होऊन प्रत्यक्षात कोणतीही आग आढळून आली नाही."

एकशे साठावं अक्षर म्हणजे 'झाले'च्या पुढची मोकळी जागा होती.

बुधवारी सकाळी पुष्पलताबाई भाजलेली मिरची चक्कीत घालायला गेल्या. मागच्या खोलीत त्यांची विजेची छोटी चक्की होती. बटण दाबलं, चक्की गप्प. बाहेर खांबावर लाइनमन चढलेला दिसला.

"काहून गा, लाइन गेली काय?"

"गेली नाही काकू, कापली. जळालेल्या घराची लाइन कापावीच लागते. वरून ऑर्डर आहे."

"कोनाचं घर जळालं?"

लाइनमननं खांबावरूनच मोबाइल पाहिला. "हटवार यांचं. पूर्ण खाक." मग त्यानं समोरच्या रंग दिलेल्या भिंतीकडे, तुळशीकडे आणि दोरीवरच्या वाळत्या कपड्यांकडे पाहिलं. "बाहेरून काही वाटत नाही बरं का."

"आतून पन काही नाही! ये, उतर, पाहून घे!"

"पाहून काय करू काकू? मी पाहिलेलं चालत नाही. बंबवाल्याईच्या कागदावर पाहिजे."

तासाभरात गॅसच्या एजन्सीची गाडी आली आणि आगीतून वाचलेलं सिलिंडर तपासणीसाठी घेऊन गेली. न्यायला आलेला माणूस सज्जन होता. "देवाच्या कृपेनं फुटलं नाही," एवढं बोलून त्यानं सिलिंडर खांद्यावर घेतलं. पुष्पलताबाईंकडे आता पाच किलो भाजलेली आणि बाकी कच्ची मिरची, धणे, खसखस, दगडफूल होतं. वीज नव्हती, गॅस नव्हता, आणि शुक्रवार परवावर आला होता.

त्यांनी अग्निशमन केंद्रात फोन केला. नागसेनजींनीच उचलला.

"साहेब, तुम्ही काय लिहून ठेवलं हो? माहं घर जळालं म्हनून लिहिलं?"

"जळालं नाही, असंच लिहिलं आहे बाई. अगदी सविस्तर."

"मंग लाइन काहून कापली? गॅस काहून नेला?"

नागसेनजी मनापासून चांगले माणूस. त्यांना फार वाईट वाटलं. वरच्या कुणीतरी वाचताना चूक केली असणार, अशी त्यांची खात्री झाली. केंद्र अधिकारी वेदिका ठवरे दोन दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला गेल्या होत्या, म्हणून त्यांनी स्वतःच खुलासा जोडायचं ठरवलं. या वेळी कुणाला शंकाच राहू नये म्हणून एकेक मुद्दा खोडून काढायचा. सुरुवात अर्थात माणसांपासून, कारण खात्याच्या शिस्तीत आधी जीवित आणि मग वित्त. कुणी जखमी नाही, कुणी दगावलं नाही, मग घर शाबूत, मग वीज जोडावी, मग गॅस द्यावा, असा त्यांच्या मनात क्रम होता.

त्यांनी लिहिलं: "पूर्वीच्या अहवालाबाबत खुलासा करण्यात येतो की, सदर घरातील कर्ते पुरुष श्री. गोपाळराव हटवार, वय वर्षे चौसष्ट, हे दुर्दैवाने या घटनेत होरपळून जागीच मृत्युमुखी पडले वा जखमी झाले, असा कोणताही प्रकार घडलेला नसून…" आणि पुढे अर्धा तास ते लिहीतच होते.

या खेपेला एकशे साठावं अक्षर म्हणजे 'पडले'मधली शेवटची मात्रा होती.

गोपाळरावांची थोरली बहीण जयवंताबाई कामठीला राहत. त्यांच्या घरी यंत्रमाग होते आणि घरात माणसांची कमतरता नव्हती. 'आजच्या घटना' त्यांच्या पुतण्यानं गुरुवारी सकाळी वाचल्या. गोपाळरावांचा फोन लागेना, पुष्पलताबाईंचाही लागेना, कारण दोन्ही चार्जिंगविना बंद पडले होते. तेव्हा जयवंताबाई अकरा माणसांसह दोन आटोंत बसून निघाल्या आणि वाटेतल्या इंदोऱ्यापासूनच रडत जरीपटक्यात पोचल्या.

दार गोपाळरावांनी उघडलं. अंगात बनियन, हातात शेजारून आलेल्या चहाची बशी.

"माह्या गोपाळा रेऽऽ" एवढं म्हणून जयवंताबाईंनी त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकलं. मग खांदा ओळखीचा वाटून त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं वं बाई?" गोपाळराव घाबरले. "कोन गेलं?"

"तू!"

"मी?"

"होरपळून! जागच्या जागी!" पुतण्यानं मोबाइल पुढे केला.

गोपाळरावांनी चष्मा लावला, बातमी दोनदा वाचली आणि पायरीवर बसले. "वय बरोबर लिहिलं," ते हळूच म्हणाले.

जयवंताबाईंचं रडू आता रागात वळत होतं. "मेला नाही त सांगता नाही येत काय गा? सारे माग बंद ठेवून आलो आम्ही! सून बिचारी उपाशी निघाली!"

"मले कुठं माहीत होतं, मी मेलो म्हनून!" गोपाळरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. धाकट्या भाच्याचे डोळे अगदी कोरडे होते, हे त्यांनी नीट ध्यानात ठेवलं. "सून बरी रडली वाटते. चहा ठेवतो… नाही, गॅस नाही."

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या पुष्पलताबाई पुढे आल्या. नवरा मेल्याची बातमी त्यांनी ऐकली, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. अकरा माणसं. बावीस हात.

"जयवंताबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी मुसळ चालवता येते न सगळ्याईले?"

अर्ध्या तासात अंगणात तीन विटांची चूल पेटली. गल्लीतून दोन उखळं, चार मुसळं आणि एक मोठा खलबत्ता गोळा झाला. जयवंताबाईंनी कमरेला पदर खोचून सूत्रं हाती घेतली. सांत्वनाला आलेल्या बायका धपाधप मिरची कुटू लागल्या, पुरुष चाळणी धरू लागले आणि कोरड्या डोळ्यांच्या भाच्याला मुद्दाम चुलीजवळ भाजायला बसवलं गेलं. पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग कुटणाऱ्यांच्या. मग सगळ्यांच्याच. कुणी शिंकत होतं, कुणी खोकत होतं, कुणी पदरात तोंड खुपसून हुंदके दिल्यासारखं करत होतं.

समोर ओमप्रकाशशेठ दुकान उघडत होते. बुधवारी ते एका लग्नासाठी बाहेरगावी होते, त्यामुळे घर जळाल्याची आणि गोपाळराव गेल्याची बातमी त्यांनी आत्ताच मोबाइलवर वाचली होती. त्यांनी हळहळून समोर पाहिलं. अंगणातून धूर निघत होता. दारात कामठीचे आटो उभे होते. आतून बायकांचा आवाज येत होता.

त्यांनी केंद्राला फोन लावला. मंगळवारचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ते या वेळी जपून बोलले. "देखो भाई, आग लगी है, असं मी म्हणून नाही राहिलो. मी फक्त जे दिसते ते सांगतो. धुआँ आहे. भीड़ आहे. आणि सब लोग रो रहे हैं."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

केंद्रात वेदिका ठवरे त्याच सकाळी पुण्याहून परतल्या होत्या आणि दोन्ही अहवाल पुढ्यात ठेवून नागसेनजींना विचारत होत्या, "गजभियेजी, माणूस दगावला आणि मला फोनही नाही?"

"कोण दगावलं, मॅडम?"

तेवढ्यात वर्दी आली. पत्ता ऐकून दोघंही बंबात चढले.

नागसेनजी गल्लीत उतरले. दारात कामठीची माणसं डोळे पुसत उभी होती. आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं आहे, आपण आग नाही म्हणून गेलो आणि ती मागाहून लागली, असं त्यांच्या मनात आलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टोपी काढून हातात घेत ते अंगणात शिरले, आणि समोर गोपाळराव चाळणी धरून उभे.

"या साहेब," गोपाळराव नाक पुसत म्हणाले. "बसा. मी मेलो तवापासून पाहुने हटून नाही राहिले."

नागसेनजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं किती मिरचीचं होतं ते सांगता येत नाही. वेदिका मॅडम मात्र टॅबलेट उघडून पाहत होत्या. त्यांनी मंगळवारचा अहवाल वाचला, मग बुधवारचा, मग अक्षरं मोजली.

"गजभियेजी, ही चौकट एकशे साठ अक्षरांची आहे. पुढचं ती घेतच नाही."

"घेत नाही म्हणजे? मी तर लिहिलं होतं. आग आढळून आली नाही, असं अगदी शेवटी."

"शेवट कापला गेला ना."

नागसेनजींनी प्रथमच बोटावरची नजर काढून पडद्यावर नेली. आपलंच वाक्य असं तुटलेलं पाहून त्यांनी त्या टोकावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण मॅडम, आपल्या भाषेत 'नाही' शेवटीच येते. मी त्याले आधी कसा आणू?"

"दोन वाक्यं करा."

"दोन?" त्यांनी असा आवाज काढला की, कुटणाऱ्या बायका थांबल्या.

"हो. आत्ता, इथेच, माझ्यासमोर खुलासा लिहा. म्हणजे यांची लाइन तरी येईल."

नागसेनजी विटेवर बसले. एक बोट वर उचललं. "सदर प्रकरणी यापूर्वी सादर केलेल्या दोन्ही अहवालांच्या अनुषंगाने—"

"साठ गेली," वेदिका मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पुसलं. पुन्हा सुरू केलं. "उपरोक्त विषयास अनुसरून वस्तुस्थिती अशी आहे की—"

"काय करून राहिले हो साहेब?" पुष्पलताबाई मुसळ टेकवून जवळ आल्या. त्यांच्या भुवयांपर्यंत मिरचीची पूड होती. "उद्या माहं लगन आहे. म्हंजे लोकाईचं. मी सांगतो, तुम्ही लिवा. आग नाही."

"हं. आग नाही…" नागसेनजी थांबले. "कोणती आग? सदर आग?"

"कोनतीच नाही! आग नाही. टिंब द्या. मिरची होती. टिंब. घर उभं आहे. टिंब. नवरा जित्ता आहे."

"जिवंत, असं घालतो."

"घाला."

नागसेनजींनी घातलं. उरलेली शंभरावर अक्षरं मोकळीच पडली होती. तिकडे पाहून त्यांचं बोट दोनदा पुढे सरकलं. निदान 'करिता सविनय सादर' एवढं तरी, असं ते पुटपुटले. वेदिका मॅडमनी त्यांच्या देखत 'पाठवा' दाबलं.

दुपारी तीनला वीज आली. साडेचारला सिलिंडर आलं. पण तोवर बहुतेक मसाला कुटून झाला होता आणि जयवंताबाई चक्कीला हात लावू देईनात. "सुरू केलं ते मुसळानंच संपवू," त्या म्हणाल्या, आणि संपवूनच कामठीला गेल्या.

शुक्रवारी आचाऱ्यानं डबा उघडला आणि चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. मग आणखी चिमूटभर घेतला. "हा चक्कीचा नाही," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत. मले हाच पाहिजे, हाताचा."

पुष्पलताबाईंनी आनंदानं कामठीला फोन केला. जयवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यीन वं मी. पन अकरा जनाईले एकदम आनाचं म्हंजे, पुढच्या बारी कोनाले मारावं लागन?"

पंधरा दिवसांनी केंद्रात एक पत्र आलं. वेदिका मॅडमनी ते उघडलं तेव्हा नागसेनजी समोर ताठ उभे होते. या पंधरा दिवसांत त्यांनी शिक्षेच्या उत्तरादाखल एक निवेदन मनात तयार केलं होतं.

पत्र शिक्षेचं नव्हतं. नवी पद्धत सुरू झाल्यापासून सगळ्या केंद्रांचे अहवाल वरच्या कार्यालयात तपासले गेले होते. त्यांत सर्वांत नेमका, सर्वांत सुटसुटीत आणि एका वाचनात कळणारा खुलासा श्री. नागसेन गजभिये यांचा आढळला होता. सबब त्यांनी येत्या सोमवारी रामदासपेठेतल्या सभागृहात शहरातल्या सर्व लीडिंग फायरमनना 'थोडक्यात अहवाल कसा लिहावा' या विषयावर मार्गदर्शन करावं. वेळ वीस मिनिटं.

नागसेनजींनी पत्र तीनदा वाचलं. चेहऱ्यावर आनंद मावेना. तो खुलासा खरा कुणाचा होता ते वर कळवून टाकावं, असं मॅडमच्या मनात आलं, पण त्यांना ते जमलं नाही. माणूस इतका खूश झालेला त्यांनी केंद्रात पूर्वी पाहिला नव्हता.

सोमवारी नागसेनजी इस्त्रीच्या गणवेशात मंचावर उभे राहिले. समोर चाळीसेक माणसं वह्या उघडून बसली होती. त्यांनी सर्वांना जयभीम केला, नमस्कार केला, घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतून वेदिका मॅडमनी विसाव्या मिनिटाला घड्याळ दाखवलं. तिसाव्या मिनिटाला पुन्हा दाखवलं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा त्या उठून मंचाच्या कडेला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गजभियेजी, आवरा आता."

नागसेनजींनी मायक्रोफोनवर हात ठेवला आणि खाली वाकून तितक्याच हळू आवाजात त्यांची समजूत काढली.

"बस मॅडम, प्रस्तावना संपूनच राहिली."